गाडीच्या टपावरच्या माश्या

त्या मोसमात मी एकाच डोहावर अकरा संध्याकाळी घालवल्या. त्यातल्या पहिल्या दहा फुकट गेल्या. मासे नव्हते असं नाही. मासे समोर होते, माझ्यापासून तीन-चार वावांवर, दर पाच-सात सेकंदांनी पाण्यावर एक बारीक वलय उमटवत होते, आणि माझी माशी, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेला खोटा किडा, त्या वलयाच्या मधोमध वाहत जाऊन पलीकडे निघत होती. मासेच नसतील तर माणूस रिकाम्या हातानं घरी येतो आणि विसरतो. इथे मात्र रोज रात्री अंथरुणात पडलं की ती वलयं दिसायची.

नदी लहान आहे. रुंदीला पाच-सहा मीटर, बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी, दोन्ही काठांना झाडं झुकलेली. वरच्या अंगाला खळाळ, मग वाळुंजाच्या मुळांशी कमरेएवढा खोल डोह, आणि डोहाच्या शेवटी पाणी पुन्हा उथळ होत पातळ काचेसारखं पसरतं आणि गोट्यांवरून खाली सांडतं. त्या पसरट भागाला मासेमार डोहाची शेपटी म्हणतात. दिवसा तिथे चिटपाखरू नसतं. घोटाभर पाण्यात उघड्यावर यायची हिंमत कुठला शहाणा ट्राउट करणार? तो दिवसभर मुळांखालच्या काळोखात बसतो. तिन्हीसांजेला मात्र तोच मासा डोहातून मागे सरकत शेपटीत येऊन उभा राहतो, कारण डोहावर दिवसभरात जे काही पडलं, मेलं, बुडालं ते सगळं त्या अरुंद उताराशी गोळा होऊन येतं. त्याला फक्त तोंड उघडायचं असतं.

हे मासे कुणी आणून सोडलेले नाहीत, याच नदीत जन्मलेले ब्राउन ट्राउट आहेत. लिनिअसनं १७५८ साली ज्याला साल्मो ट्रुटा हे नाव दिलं तो हाच मासा. मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा थोडा भाग इथला. पण माणसाला त्याचं इतकं वेड, की १८६४ साली त्याची अंडी बर्फात ठेवून इंग्लंडहून जहाजानं टास्मानियापर्यंत नेली आणि ती तिथे फुटली. लहान नदीत तो फार वाढत नाही. वीतभर मासा नेहमीचा, बारा इंची दिसला तर मोठा. सगळा खटाटोप त्या बारा इंचांचा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सामान साधं होतं. सात फुटी, तीन नंबर लाइनचा हलका रॉड, लाइनच्या पुढे बांधायचा नऊ फुटी बारीक धागा, म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला पाच-एक्स टिपेट, म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा. सगळ्या गळांच्या टोकाचे उलटे काटे पकडीनं दाबून सपाट केलेले, कारण मासा परतच सोडायचा होता. लांब रॉड झाडांत अडकतो आणि आखूड रॉडनं लाइन पाण्यावरून उचलून धरता येत नाही. याचा त्रास पुढे झालाच.

पहिल्या संध्याकाळी मी चुकीच्या पद्धतीनं गेलो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा मागून, म्हणजे खालच्या अंगानं जायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण पाण्यात उतरल्यावर दुसरंच पाऊल जरा जोरात पडलं. शेपटीतून बाणाच्या टोकासारखी एक लाट निघाली आणि सरळ डोहात घुसली. एक मासा पळाला की वाटेतल्या सगळ्यांना कळतं. त्यानंतर पाऊण तास पाणी नुसतं पडून होतं. तेव्हापासून मी पाण्यात उतरणंच सोडलं. काठावर गुडघे टेकून बसायचो. पँटला गुडघ्यांवर कायमचे हिरवे डाग पडलेत.

दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी झाडांनी हात धुऊन घेतले. मागे फांद्या, वर फांद्या. डोक्यावरून कास्ट करायला, म्हणजे लाइन फेकायला, जागाच नाही. आडवा कास्ट केला तर गवतात. शेवटी ज्याला धनुष्यबाण म्हणतात तो प्रकार शिकलो: माशी गळाच्या वाकणाशी चिमटीत धरायची, ताणून रॉडचं टोक धनुष्यासारखं वाकवायचं आणि सोडून द्यायचं. दिसायला पोरखेळ, पण तीन-चार मीटरपर्यंत माशी नेमकी जाते. एकदा चिमटीतून निसटताना गळ अंगठ्यात शिरला. काटा दाबलेला होता म्हणून सहज निघाला.

खरी अडचण पुढे होती. मासे तर आता बिचकत नव्हते, मग घेत का नव्हते?

आधी वाटलं, माशी ओढली जातेय. शेपटीच्या खाली बसून वर कास्ट केला की माझी लाइन पडते ती उतारावरच्या वेगवान पाण्यावर, आणि माशी असते वरच्या संथ पाण्यावर. खालचं पाणी लाइन खेचतं, लाइन माशीला खेचते, आणि माशीच्या मागे केसाएवढी रेघ उमटते. ती रेघ आपल्याला दिसतही नाही, माशाला मात्र पुरते. नदीत पडलेला किडा प्रवाहाच्याच चालीनं जातो, आडवा पोहत नाही. मग मी आणखी जवळ सरकलो, इतका की रॉड उंच धरला की लाइन सगळी हवेत आणि पाण्यावर फक्त लीडरचं टोक. रेघ गेली. पण घेणारा कुणी नव्हता.

मग नेम. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल झरोक्यातून दिसतं. झरोका सुमारे ९७ अंशांचा, आणि त्याच्या कडेपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा. मासा खोल असेल तर झरोका मोठा. पण संध्याकाळी तो अगदी वर येऊन तरंगतो. दहा सेंटीमीटर खोलीवर असलेल्या माशाचा झरोका मोजून २३ सेंटीमीटरचा होतो, वीतभर. आणि समोरून एवढं खाणं येत असताना तो डावी-उजवीकडे कशाला हलेल? माशी त्या वितीतूनच जायला हवी. मी गवताच्या काड्या टाकून नेमाचा सराव केला. घरी, अंगणात, थाळी ठेवून. शेजाऱ्यांनी काय ते समजून घेतलं असावं.

नेमही सुधारला. मासे मात्र तसेच.

मी माशी बदलत राहिलो. हवेत कॅडिस नावाचे तपकिरी किडे उडत होते, वाळुंजाभोवती फडफडणारे, छपरासारखे पंख मिटून बसणारे. म्हणून हरणाच्या केसांची कॅडिस बांधली. नाही. पॅराशूट ॲडम्स लावली. मूळची ॲडम्स मिशिगनमध्ये लेन हॅलाडेनं १९२२ साली बांधली, आणि काहीच कळत नसेल तेव्हा तीच लावावी असा जगभरचा रिवाज आहे. मला काहीच कळत नव्हतं. नाही. क्लिंकहॅमर, जिचं बूड पाण्यात लोंबतं. एका पोरसवद्या माशानं ती ढुशी मारून बघितली आणि सोडली.

याच काळात वटवाघळं येऊ लागली. अंधार पडता-पडता ती पाण्यावरून फेऱ्या घालतात आणि हवेतल्या लाइनला हलकेच पंख लावून जातात. रॉडमधून हाताला टकटक जाणवते. एकानं माझ्या माशीवर झडप घातली आणि शेवटच्या क्षणी वळलं. त्या रात्री मित्राला फोनवर म्हटलं, निदान वटवाघळाला तरी माझी माशी पटली.

हा नाद मला त्यानंच लावला. तो स्क्यूजच्या पंथाचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हॅलफर्ड नावाचा मासेमार म्हणाला होता, माशी पाण्यावर कोरडी तरंगली पाहिजे आणि तीही हुबेहूब. आणि स्क्यूज म्हणाला, मासा पाण्याखालीही खातो, मग पाण्याखाली का टाकू नये? त्यावरून सभ्य लोक दशकानुदशकं एकमेकांशी भांडले. माझ्या मित्राला कोरड्या माशीवाल्यांची चेष्टा करायला एवढं निमित्त पुरतं. तो म्हणाला, "वलय कसं असतं?"

"बारीक. घोट घेतल्यासारखं. चुप् असा आवाज येतो."

"बुडबुडा राहतो मागे?"

"राहतो कधीकधी."

"मग पाण्यावरचंच खातोय. पळणारं नाही, पडलेलं. उडणाऱ्या गोष्टीवर मासा खळबळून येतो. अरे, गाळणी घेऊन जा आणि धारेत धर. बघ काय सापडतं."

गाळणी घेऊन नदीवर जायला मला लाज वाटली. मी नेली नाही. याचा पश्चात्ताप चार संध्याकाळी करावा लागला.

मधली एक संध्याकाळ तर मासेमारीच झाली नाही. आठवडाभर कडक ऊन होतं, नदी आटली होती. थर्मामीटर पाण्यात धरला तर २१ अंश. ब्राउन ट्राउटला बारा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या वर पाण्यात प्राणवायू कमी, आणि गळाशी झुंजून दमलेला मासा सोडला तरी पुढे जाऊन उलटा होतो. मासे तशातही उठत होते. मी काठावर बसून फक्त पाहिलं आणि निघालो. खरं सांगायचं तर त्या दिवशी बरं वाटलं, कारण हरायची वेळ आली नाही.

तर नववी संध्याकाळ. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, पाणी पंधरा अंशांवर, वारा अजिबात नाही. माझ्या परवान्यावर सूर्यास्तानंतर एक तासच मुभा आहे. तो तास संपला, मासे उठतच होते. मी गुंडाळलं आणि पुलाजवळ लावलेल्या गाडीकडे आलो. गाडी काळी, नुकतीच धुतलेली. डोक्यावरचा दिवा लावला तर टपावर आणि बॉनेटवर शेकडो किडे. नखाएवढे, पंख काचेसारखे पारदर्शक, अंग तांबूस, शेपटीला तीन लांब केस. हे किडे म्हणजे मेफ्लाय. त्या एकामागून एक खाली येत होत्या, शेपटीचं टोक पत्र्यावर टेकवत होत्या, पुन्हा उठत होत्या. काहींच्या मागे मोहरीपेक्षाही लहान असा हिरवट गोळा होता. अंड्यांचा.

त्या माझ्या गाडीला नदी समजत होत्या. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट तऱ्हेनं ध्रुवीकृत होतो, आणि मेफ्लाय त्यावरूनच पाणी ओळखते. काळा चकचकीत पत्रा किंवा ओला डांबरी रस्ता तोच प्रकाश देतो, कधी पाण्याहूनही जास्त. म्हणून बिचाऱ्या तिथे अंडी घालून मरतात. मी टपावरची एक उचलून तळहातावर घेतली. तिनं दोन्ही पंख आडवे पसरले आणि तशीच पडून राहिली.

मग मला उजाडलं. मी नऊ संध्याकाळी हवेकडे बघत होतो. मासे खात होते ते हवेतून केव्हाच खाली आलेलं होतं.

मेफ्लायचं आयुष्य मला पुस्तकी ठाऊक होतं. अळी साधारण वर्षभर दगडाखाली राहते. मग वर येऊन कात टाकते आणि धुरकट पंखांची मेफ्लाय होते. तिला मासेमार डन म्हणतात. बाकीचे किडे पंख फुटले की थांबतात, मेफ्लाय मात्र पंख आल्यावर आणखी एकदा कात टाकते. असा दुसरा किडा नाही. दुसऱ्यांदा बाहेर पडते ती काचेच्या पंखांची स्पिनर. तिला खाता येईल असं तोंड नसतं, कारण खाण्याइतकं आयुष्यच नसतं. संध्याकाळी नर काठाशी वर-खाली नाचतात, माद्या त्यांच्यात शिरतात, मग नदीवर येऊन अंडी सोडतात आणि पंख पसरून पाण्यावर पडतात. पडलेली स्पिनर पाण्याच्या सपाटीत बुडाल्यासारखी चिकटून असते. काठावर गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला ती दिसूच शकत नाही. खालून बघणाऱ्या माशाला मात्र आभाळावर कोरलेला क्रूस दिसतो. तिला पळायचं नसतं, म्हणून माशालाही घाई नसते. चुप्.

गाडीवरची ती ब्लू विंग्ड ऑलिव्ह जातीच्या मेफ्लायची मादी, आणि तांबूस-पिवळ्या मद्याच्या रंगावरून तिला शेरी स्पिनर म्हणतात. नाव मी पन्नास वेळा वाचलं होतं. मासा आणि माशी हे शब्द एकमेकांच्या इतके जवळ, आणि दोघांच्या मधल्या सपाटीवर काय चाललंय हे कळायला मला धुतलेली गाडी लागली.

दुसऱ्या दिवशी सोळा नंबरच्या गळावर सहा माश्या बांधल्या. गंजक्या रंगाचा पातळ देह, शेपटीला तीन तंतू फाकवून, आणि पंख म्हणून पांढऱ्या कृत्रिम लोकरीचा झुबका, आडवा, आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन पक्का केलेला. मानेला एरवी गुंडाळतो तो कोंबड्याच्या पिसाचा फुलोरा मुद्दाम गाळला, म्हणजे माशी उभी न राहता आडवी पडेल. कुरूप दिसत होत्या. आणि एक शहाणपण केलं: प्रत्येक माशी आधीच हातभर सहा-एक्स टिपेटला बांधून फोमच्या पट्टीवर गुंडाळून ठेवली. सहा-एक्स म्हणजे ०.१३ मिलिमीटर. अंधारात सोळा नंबरच्या गळाच्या भोकातून असा धागा ओवायचा म्हणजे सुईत कोळ्याचं जाळं ओवण्यासारखं. त्यापेक्षा दोन फासे एकमेकांत अडकवणं सोपं.

दहाव्या संध्याकाळी वारा सुटला. वारा असला की स्पिनर पाण्यावर येतच नाहीत, झाडांत दडून राहतात. एकही वलय नाही. सहाच्या सहा माश्या घरी आल्या.

अकराव्या संध्याकाळी मी गाळणी नेली. लाज गेली होती.

सात वाजता पोचलो आणि तासभर काहीच केलं नाही. आधी हे मला कधी जमलं नव्हतं. आल्या आल्या हात शिवशिवायचे. पाकोळ्या उंचावर होत्या. मग त्या खाली आल्या. सूर्य झाडांमागे गेला आणि खळाळाच्या वर, दोन पुरुष उंचीवर, एक धुरळा दिसू लागला. आभाळाच्या उजेडावर धरून पाहिलं तर धुरळ्याचा प्रत्येक कण वर-खाली होत होता. धुरळा हळूहळू नदीकडे सरकला. मी धारेत गाळणी धरली, मिनिटभर. जाळीला तेरा स्पिनर चिकटल्या, सगळ्यांचे पंख आडवे. त्याआधी मला त्या पाण्यावर एकही किडा दिसला नव्हता.

शेपटीतलं पहिलं वलय साडेआठला. दुसरं त्याच्याच मागे, वाळुंजाच्या सावलीच्या कडेला. मी सावलीवाला निवडला, कारण त्याचं वलय सगळ्यांत बारीक होतं. गुडघ्यांवर सरकत चार मीटरवर आलो. माशी चिमटीत, रॉड वाकवला, सोडला. माशी वलयाच्या हातभर वर पडली आणि पडताच दिसेनाशी झाली. पाण्यात चिकटलेली माशी मलाही दिसणार नाही, हे मी धरलंच नव्हतं! अंदाजानं मोजत राहिलो. एक, दोन, तीन. चुप्. हिसका दिला. लाइन मोकळी, मागच्या फांदीत. त्यानं शेजारची खरी खाल्ली होती.

मासा पळाला नाही, हे नशीब. दोन मिनिटं हात मांडीखाली दाबून बसलो. तो पुन्हा घोट घ्यायला लागला तेव्हा घड्याळाशिवाय त्याची लय मोजली, साधारण सहा सेकंद. पुढचा कास्ट त्या लयीत टाकला. चुप्. या वेळी हिसका दिला नाही, फक्त रॉड उचलला, चहाचा कप उचलावा तसा. आणि रॉड जड झाला.

बाकीचं फार लवकर झालं. तो मुळांकडे धावला, मी रॉड आडवा पाडून त्याला वळवलं, तो खळाळाकडे गेला, सहा-एक्स गुणगुणत होता आणि मी बहुधा मोठ्यानं काहीतरी बडबडत होतो. मग तो रबरी जाळ्यात होता. हात भिजवून उचलला. पोट लोण्यासारखं पिवळं, पाठ काळपट, अंगावर काळे ठिपके आणि मधल्या रेषेवर लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. पर सगळे अखंड. रॉडच्या मुठीवर मी दोरा गुंडाळून बारा इंचांची खूण केली आहे. तो त्या खुणेला दीड बोट कमी पडला. गळ ओठाच्या कोपऱ्यातून स्वतःच सुटला होता. प्रवाहाकडे तोंड करून धरलं, कल्ले तीन-चारदा उघडले-मिटले आणि हात रिकामा झाला.

आता ती माशी चिखल झाली होती. नवी फोमवरून काढली, फासा फाशात घालायला गेलो तर बोटं इतकी थरथरत होती की दोन्ही हरवले. दिवा लावायचा तर पाण्याकडे पाठ करून लावायचा, नाहीतर उजेड पडताच सगळं संपतं. तेवढंही भान राहिलं नाही. लावला तो सरळ नदीकडे तोंड करून. लगेच विझवला. डोळ्यांपुढे हिरवं जाळं आणि समोर शांतता.

तास संपायला दहा-बारा मिनिटं असावीत. रॉड गवतात आडवा ठेवला आणि तसाच बसून राहिलो. आधी नुसता खळाळ ऐकू येत होता. मग डोहाच्या वरच्या टोकाला, मुळांच्या आत, जिथे मी कधी माशी टाकू शकणार नाही अशा जागी, चुप् असा आवाज आला. एरवीपेक्षा जरा जाड. थोड्या वेळानं परत.